रात्री सव्वाआठ ते साडेनऊ : मनःशांतीच्या शोधातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी समुपदेशनाचे काम करते. या प्रकरणातील स्त्रीला मी येथे केवळ ‘ताई’ म्हणणार आहे. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत असले तरी ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि माझ्याकडून झालेल्या चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

ताई ४७ वर्षांच्या असून मुंबईतील एका शासकीय कार्यालयात लेखा शाखेत वरिष्ठ लिपिक आहेत. राहायला बदलापूरला. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा शनिवार मोकळा झाला. पण रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी लांबली आणि लांबून येणाऱ्यांचा संध्याकाळचा उरलासुरला तासही त्यात गेला. सकाळी साडेसातला घर सोडायचे आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास परत उंबऱ्यात पाऊल ठेवायचे, असा त्यांचा गेल्या काही वर्षांचा नेम होता. पती अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात. एकुलता एक मुलगा त्या वेळी अकरावीत होता.

दिवाळीच्या आधी सासूबाईंना पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या भागात रक्तपुरवठा अडल्यामुळे शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. वाचा गेली म्हणजे आवाज गेला नव्हता. त्यांना बोललेले बरेचसे समजत होते, पण मनातला शब्द ओठांवर येत नव्हता. जो एकच शब्द शाबूत राहिला होता तो ‘अगं’. पाणी हवे असले तरी ‘अगं’, कूस बदलायची असली तरी ‘अगं’, खिडकीतून ऊन तोंडावर येत असले तरी ‘अगं’. वाचाघातात अशा रीतीने एखादाच शब्द शिल्लक राहणे आणि तोच सगळ्यासाठी वापरला जाणे ही डॉक्टरांना परिचित असलेली गोष्ट आहे. घरच्यांना मात्र तोपर्यंत कोणीही ती समजावून सांगितलेली नव्हती.

अडचण

जानेवारीत ताई माझ्याकडे आल्या त्या एका पातेल्यामुळे. आदल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास त्या ओट्यापाशी दूध तापवत उभ्या असताना आतल्या खोलीतून चौथ्यांदा ‘अगं, अगं’ अशी हाक आली आणि हातातील सांडशीसकट ते पातेले त्यांनी मोरीत भिरकावले. दूध फरशीवर पसरले, मुलगा दारात येऊन थबकला आणि आतली हाक एकदम बंद झाली. “ती हाक बंद झाली ना, त्याची मला भीती वाटली,” असे त्या मला म्हणाल्या. “आई मला घाबरल्या होत्या. एकवीस वर्षांत त्या कधी मला घाबरल्या नव्हत्या.”

त्यांचे म्हणणे एवढेच होते की मन शांत करण्याचा काहीतरी मार्ग सांगा. झोप तुटक होती, कारण रात्री दोनदा उठून सासूबाईंची कूस बदलावी लागे. कार्यालयात देयकांच्या आकड्यांवर नजर ठरत नव्हती आणि मार्चअखेर तोंडावर आली होती. गाडीत शेजारणीच्या पर्सचा धक्का लागला तरी डोळ्यांत पाणी येई. “कुठेतरी निघून जावेसे वाटते” हे वाक्य त्या पहिल्याच भेटीत तीनदा बोलल्या. अशा वाक्याकडे मी कधीच काणाडोळा करत नाही. निघून जाणे म्हणजे नेमके काय, हे मी सरळ शब्दांत विचारले. जीव देण्याचा विचार नव्हता. माणसांपासून, आवाजापासून दूर जायचे होते. तरीही रात्री-अपरात्री मन फारच दाटून आले तर हाताशी असावा म्हणून ‘टेलि-मानस’ या शासकीय मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये तेथेच नोंदवून घेतला. ही सेवा चोवीस तास आणि मराठीतही मिळते.

विचारात घेतलेले पर्याय

ताई येतानाच दोन पर्याय मनाशी घेऊन आल्या होत्या. एक म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. वीस वर्षांची अर्हताकारी (म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा पूर्ण झालेली असल्यामुळे तो मार्ग कागदोपत्री खुला होता. दुसरा म्हणजे इगतपुरीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर, ज्याविषयी कार्यालयातील एका सहकारी स्त्रीने त्यांना भरभरून सांगितले होते.

स्वेच्छानिवृत्तीविषयी मी त्यांना थांबवले, आणि त्या निर्णयाचे मला आजही समाधान आहे. थकलेल्या माणसाने घेतलेला, मागे फिरवता न येणारा निर्णय बहुतेक वेळा थकव्यालाच उत्तर देतो, प्रश्न तसाच राहतो. नोकरी सोडली असती तर सव्वाआठला सुरू होणारा ताण सकाळी सहापासून सुरू झाला असता. शिवाय ती नोकरी हीच दिवसातील अशी एकमेव जागा होती जेथे ताईंना त्यांच्या नावाने ओळखले जात होते.

कल्याण किंवा ठाण्याच्या कार्यालयात बदली मागणे हा तिसरा पर्याय होता. त्याला वेळ लागणार हे उघड असले तरी अर्ज करण्यात तोटा काहीच नव्हता, म्हणून तो करायचे ठरले. सासूबाईंना शुश्रूषा केंद्रात ठेवण्याचा विषय मी काढला तेव्हा ताईंनी मान हलवून नकार दिला आणि मी तो पुन्हा काढला नाही. पुण्यातील दिरांनी काही महिने आईंना नेण्याचा विषय पतींनी फोनवर एकदा काढून पाहिला होता. तो दोन वाक्यांत संपला होता.

औषधांचा प्रश्न उरला होता. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याआधी मी त्यांना साध्या फिजिशियनकडे पाठवले. पंचेचाळिशीच्या पुढे-मागे असलेली स्त्री चिडचिड, अपुरी झोप आणि थकवा सांगत असेल तर त्याला मनाचे नाव देण्याआधी रक्त तपासून घ्यावे, असे माझे मत आहे. प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरला जातो, ताईंचे ८.९ निघाले. बी-१२ जीवनसत्त्वही कमी होते. थायरॉइड ठीक होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण महिनाभरात फारसा फरक दिसेना. तेव्हा विचारणा केल्यावर कळले की त्या गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत होत्या आणि चहा लोह अंगी लागू देत नाही. गोळी दुपारी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सुरुवात केल्यावर एप्रिलपर्यंत जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. मनःशांतीच्या चर्चेत हिमोग्लोबिनचा आकडा गद्य वाटेल; परंतु ८.९ घेऊन रोज बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असा दोन्ही वेळचा प्रवास करणाऱ्या बाईला धीर धरा असे सांगणे मला योग्य वाटत नाही.

पहिला टप्पा : दहा दिवसांचे शिबिर

उरला विपश्यनेचा पर्याय. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी परावर्तित रजा (अर्धपगारी रजा पूर्ण पगारीत बदलून घेतलेली) घेण्याची सोय आहे, त्यामुळे रजेचा प्रश्न नव्हता; मार्चअखेर उरकल्यावर एप्रिलमध्ये जायचे ठरले. घर सांभाळायला साताऱ्याकडून नणंद येणार होत्या. मी या योजनेला पाठिंबा दिला. हा या प्रकरणातील पहिला महत्त्वाचा निर्णय, आणि तो घेताना मी ज्या गोष्टीचा विचार केला नाही ती पुढे सांगते.

शिबिराचा ताईंना झालेला लाभ खरा होता, हे आधी स्वच्छपणे नोंदवले पाहिजे. पहाटे चारची घंटा, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत पाळायचे आर्य मौन, फोन जमा केलेला, सकाळी अकराला जेवण, संध्याकाळी चहा आणि फळ. आणि पहिले तीन दिवस दुसरे काहीही न करता नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. तिसऱ्या दिवशी पळून यावेसे वाटले, असे त्या म्हणाल्या. पाचव्या दिवशी दुपारी मांडी दुखत असताना प्रथमच त्यांना दिसले की कळ उठते, वाढते आणि आपण काही न करताही ओसरते. “मला वाटायचे की राग आला की आपण त्याच्याबरोबर वाहत जायचेच असते,” असे त्यांनी परत आल्यावर मला सांगितले. हे त्यांचे स्वतःचे कमावलेले ज्ञान होते आणि पुढे जे काही टिकले त्याचा पाया तेच आहे.

परंतु तीन आठवड्यांत सारे विस्कटले. शिबिरानंतर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे, असे तेथे सांगितले जाते. ताईंच्या दिवसात असे दोन तास नव्हते. पहिल्या आठवड्यात त्या पहाटे पावणेचारला उठून बसल्या, दुसऱ्या आठवड्यात बसल्या-बसल्या झोप लागू लागली आणि मेच्या मध्यावर एका रात्री त्या पुन्हा सासूबाईंवर इतक्या जोरात ओरडल्या की समोरच्या बिऱ्हाडातील काकू दार वाजवायला आल्या. जानेवारीत त्यांच्याजवळ केवळ राग होता. आता त्यावर अपराधाची भावना येऊन बसली होती. “माझ्याकडून साधनासुद्धा नीट होत नाही” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकले तेव्हा माझी चूक मला कळली. शांतीचा मार्ग म्हणून जे दिले, तेच पार पाडायचे आणखी एक काम होऊन बसले होते.

येथे आणखी एक गोष्ट माझ्या हातून निसटली. शिबिराचे दहा दिवस नणंद घरी होत्या, तेव्हा सासूबाई शांत होत्या. ताई परतल्यावर नणंद त्यांना म्हणाल्या, “वहिनी, आई माझ्याजवळ तर अजिबात ओरडत नाही हो.” ताईंना हे शब्द फार लागले आणि आमची पुढची भेट त्या दुखावलेपणावर बोलण्यात गेली. नणंद-भावजयीतील जुनी सल म्हणून मी त्या वाक्याकडे पाहिले. वस्तुतः वन्संनी एक माहिती दिली होती : याच घरात, याच आजारात, सासूबाई शांत राहू शकतात. त्या कशामुळे शांत राहिल्या, हा प्रश्न मी तेव्हाच विचारला असता तर दोन महिने वाचले असते.

दुसरा टप्पा : वही

जूनमध्ये मी सगळे उपाय बाजूला ठेवायला सांगितले आणि एक साधी गोष्ट मागितली. चौदा दिवस एक छोटी वही जवळ ठेवायची आणि ज्या ज्या वेळी आवाज चढेल त्या वेळेची नोंद करायची : किती वाजले होते, त्याआधी पोटात काय गेले होते, घरात कोण कोण होते. कारण लिहायचे नाही. कारणे लिहायला सांगितली की माणूस स्वतःवर खटला चालवू लागतो, असा माझा अनुभव आहे.

चौदा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी नऊ रात्री सव्वाआठ ते साडेनऊ या वेळेतील होत्या. एक पहाटेची आणि एक रविवार दुपारची. ती वही दोघींच्या मध्ये टेबलावर उघडी असताना ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला वाटत होते मी दिवसभर अशीच असते.” पाच महिने त्या स्वतःला चिडखोर स्वभावाची बाई समजत होत्या. वही सांगत होती की त्यांचा सव्वा तासाचा प्रश्न आहे.

दुसरी नोंद पोटाची होती. दीडच्या डब्यानंतर रात्री जेवेपर्यंत चहाचे तीन कप, दुसरे काही नाही. तिसरी नोंद अधिक बोलकी होती. दिवसा येणाऱ्या मावशींची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा होती. सहा ते सव्वाआठ घरात फक्त मुलगा असे. तो दार लावून, कानात हेडफोन घालून अभ्यासाला बसे आणि आजीला काही हवे आहे का हे अधूनमधून डोकावून पाही. म्हणजे सासूबाई सव्वादोन तास जवळजवळ एकट्या असत, तहान लागली तरी शब्दात सांगू न शकणाऱ्या, आणि दाराच्या कडीचा आवाज होताच इतका वेळ साठलेले सारे ‘अगं’ एकदम बाहेर पडे. या चौदा दिवसांतील एका गुरुवारी पावसाने गाड्या रखडल्या आणि मावशी ताई येईपर्यंत थांबल्या. त्या रात्री नोंद नव्हती. ताई नेहमीपेक्षा दीड तास उशिरा, भिजून, उभ्याने प्रवास करून आल्या होत्या आणि तरीही आवाज चढला नव्हता. वन्सं घरी होत्या ते दहा दिवस सासूबाई शांत का होत्या, याचे उत्तर त्या कोऱ्या जागेत होते.

केलेली कृती

जुलैच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. एरवी मी घरी जात नाही. परंतु ताईंच्या मनाचा प्रश्न म्हणून सुरू झालेले हे प्रकरण एव्हाना घराच्या वेळापत्रकाचे प्रकरण झाले होते आणि ते एकट्या ताईंशी बोलून सुटणार नव्हते. पती सुरुवातीला अवघडून बसले होते. दोषारोप होतील, अशी त्यांना धास्ती असावी. वही पाहिल्यावर त्यांचा सूर बदलला. आकड्यांशी काम करणारा माणूस. अकरांपैकी नऊ हे त्यांना लगेच उमगले.

त्यांनी स्वतःहून सुचवले की कारखान्यात कायमची दुसरी पाळी मागून घेतो, दुपारी तीन ते रात्री अकरा. त्यामुळे सकाळपासून दुपारी दोनपर्यंत आईंचे सगळे, अंग पुसणे, न्याहारी, व्यायाम, ते पाहणार आणि मावशी दुपारी एक ते रात्री नऊ येणार. मावशींचे तास दहावरून आठ झाल्याने खर्चही थोडा उतरला. या निर्णयाची किंमत होती, ती लपवण्यात अर्थ नाही. रात्रपाळीचा भत्ता गेला. शिवाय पती-पत्नींची आठवड्याच्या कामाच्या दिवसांत रात्री साडेअकरापूर्वी भेट होईनाशी झाली. ताईंना हे आजही जड जाते. पण आईचे अंग पुसण्याचे काम मुलाने करायचे, ही गोष्ट त्या घरात प्रथमच घडली आणि सासूबाईंनी पहिले दोन दिवस संकोचून तोंड फिरवले तरी तिसऱ्या दिवसापासून त्याला अडवले नाही.

दुसरा बदल परतीच्या वाटेवरचा. शेंगदाणे आणि गूळ अशी पुडी पर्समध्ये ठेवायची आणि दादरच्या पुढे ती खाऊन घ्यायची. कल्याणला महिला डब्यात जरा मोकळे झाले की विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचे. इगतपुरीला शिकलेलेच, पण तासभर नव्हे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर, एवढाच वेळ. ज्या दिवशी मन फार उधळलेले असेल त्या दिवशी श्वास घेताना मनात चार आणि सोडताना सहा मोजायचे. त्यामुळे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात; उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते आणि आवळलेले शरीर सैल होऊ लागते. चौथ्या सीटवर अर्धे टेकून, एका हाताने पर्स धरून हे जमते, याची ताईंनी मला खात्री दिली आहे.

घरी आल्यावर पंधरा मिनिटे त्यांना कोणीही काही विचारायचे नाही, असेही ठरले. हातपाय धुवायचे, गॅलरीत बसायचे, चहा मुलाने करायचा. मावशी नऊपर्यंत असल्यामुळे हे शक्य झाले. एरवी असा नियम चार दिवसही टिकला नसता.

तिसरी गोष्ट मी सुचवलेली नाही. माझ्या आग्रहावरून एक वाचा-उपचारतज्ज्ञ घरी येऊ लागल्या होत्या. त्यांनी हो-नाहीची दोन आणि पाणी, कूस, डायपर, पंखा यांची चार चित्रकार्डे करून दिली आणि ‘अगं’ ही प्रत्येक वेळी हाक नसते, कधी कधी तो नुसता तोंडातून सुटलेला शब्द असतो, हे घरच्यांना समजावले. बोलता न येणारी अशी माणसे पुष्कळदा जुनी, पाठ असलेली गाणी मात्र म्हणू शकतात, कारण सूर आणि चाल यांच्यासाठी मेंदूचा उजवा भागही कामी येतो, असेही त्या म्हणाल्या. सासूबाई माहेरच्या वारकरी. आजारपणाआधी रोज दिवेलागणीला हरिपाठ म्हणत. आषाढीच्या संध्याकाळी ताईंनी त्यांच्या पलंगाजवळ बसून, वहीत बघत, हरिपाठ म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या अभंगाच्या धृपदाला सासूबाईंचा आवाज मिसळला. शब्द तुटक होते, ओठाचा उजवा कोपरा हलत नव्हता, पण ‘हरि’ हा शब्द स्पष्ट आला आणि त्यानंतरचाही. आठ महिन्यांत त्या घराने त्यांच्या तोंडून ‘अगं’शिवाय ऐकलेला तो पहिला शब्द. ताई पुढे म्हणू शकल्या नाहीत. मुलाने येऊन वही हातात घेतली आणि अडखळत पुढचा अभंग वाचला.

तेव्हापासून रात्री पावणेनऊला, कुकर चढवून, त्या वीस मिनिटे पलंगाजवळ बसतात. जी वेळ सर्वांत वाईट होती त्याच वेळेत हे बसवले आहे.

परिणाम

ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा चौदा दिवसांची वही ठेवली. तीन नोंदी झाल्या, त्यांपैकी एकच रात्रीच्या त्या सव्वा तासातील. झोप अजून तुटते, कारण रात्री कूस बदलणे सुटलेले नाही. मात्र दोनदा उठण्यापैकी पहिली खेप आता पती कामावरून आल्यावर सांभाळतात. हिमोग्लोबिन सप्टेंबरात ११.६ झाले. कार्यालयातील आकडे पूर्वीसारखे डोळ्यांसमोर ठरतात, असे ताई म्हणतात. बदलीचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे. दीर गणपतीत एक दिवस येऊन गेले.

सगळेच सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. नोव्हेंबरमध्ये मावशी आठ दिवस गावी गेल्या आणि चौथ्या दिवशी पातेले नाही तरी वाटी आदळली गेली. फरक एवढा होता की त्या रात्री ताई स्वतः आत जाऊन म्हणाल्या, “आई, चुकले माझे,” आणि सासूबाईंनी डावा हात त्यांच्या मनगटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला तो कबुली द्यायला नव्हे, तर मावशींच्या जागी बदली बाई मिळेल का हे विचारायला.

पुन्हा असे प्रकरण आले तर

वही मी पहिल्या आठवड्यात मागेन. पाच महिने मी ताईंच्या मनाचा विचार करत राहिले आणि त्यांच्या संध्याकाळचा केला नाही. अशांतता माणसाच्या आत असते हे खरे, पण ती कुठल्या वेळेला, कोणत्या दाराशी जागी होते हे पाहिल्याशिवाय तिच्यावर श्वासाचा किंवा नामाचा उपाय नुसता ठेवून भागत नाही.

शिबिराला मी आजही हरकत घेणार नाही, पण क्रम बदलेन. आधी घरातील सव्वादोन तासांचे भगदाड बुजवायचे आणि मग जायचे. तसेच परतल्यावर किती वेळ बसणे खरोखर शक्य आहे, हे जाण्यापूर्वीच घड्याळ समोर ठेवून ठरवायचे. पंधरा मिनिटांचे ठरवून पंधरा मिनिटे बसलेली व्यक्ती समाधानाने उठते. दोन तासांचे ठरवून तीच पंधरा मिनिटे बसली तर हरल्यासारखी उठते.

सर्वांत जास्त खंत मला सासूबाईंविषयी वाटते. पक्षाघातानंतर सुमारे तीनांपैकी एका रुग्णाला नैराश्य येते, हे मला ठाऊक होते. असे असूनही सहा महिने त्या माझ्या टिपणांत ताईंच्या त्रासाचे कारण म्हणूनच होत्या. त्यांचे मन कसे आहे, हे कोणी पाहिले आहे का, हा प्रश्न मी जुलैच्या त्या रविवारी प्रथम विचारला. डॉक्टरांनी तपासून औषधाची गरज नाही असे सांगितले, हे त्यांचे आणि आमचे सुदैव. ज्या घरात एक जण शांतता शोधतो तेथे दुसरे कोण अस्वस्थ आहे हे पाहण्याचे काम समुपदेशकाचे आहे, आणि ते पहिल्याच भेटीचे काम आहे.

पतींना बोलावण्यातही मी उशीर केला. ताईंनी “ह्यांना वेळ नसतो” असे म्हटल्यावर मी ते मान्य केले होते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

सध्या

मुलाची बारावीची परीक्षा जवळ आली असल्यामुळे तो रात्री अभ्यासिकेत जातो. शेवटची भेट जानेवारीत झाली, तेव्हा ताईंनी आदल्या शुक्रवारचा प्रसंग सांगितला. पतींची साप्ताहिक सुट्टी होती आणि कार्यालयात अडकल्याने ताईंना घरी यायला दहा वाजले. जिन्यातच त्यांना आवाज ऐकू आला. पती पलंगाजवळ बसून हरिपाठ म्हणत होते. त्यांना तो पाठ नाही. पान उलटताना एक अभंग सुटला आणि ते पुढचा म्हणू लागले. सासूबाईंनी डाव्या हाताने वही धरली आणि म्हणाल्या, “अगं.” त्यांनी पान मागे उलटले. ताई चपला काढून तशाच दारात उभ्या राहिल्या आणि तो सुटलेला अभंग पुरा होईपर्यंत आत गेल्या नाहीत.